उशिरा येणाऱ्या पाळीबद्दलही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मुली लवकर वयात येऊ लागल्याबद्दलचा लेख वाचला. आठव्या-नवव्या वर्षी पाळी, बाहेरचं खाणं, वाढलेली वजनं, आयांची घाबरगुंडी, सगळं त्यात होतं. लेख चांगला आहे, कात्रण काढून दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. पण या विषयावरचे असे बरेच लेख मी आजवर वाचले, आणि जिला चौदा सरून पंधरावं लागलं तरी पाळी आलेली नाही तिच्या आईबापांनी काय करायचं, यावर चार ओळीही कुठे दिसल्या नाहीत. म्हणून लिहितोय.

मी टेलर आहे. सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी बसस्टँडच्या मागे दुकान आहे. शाळेचे गणवेश हा मुख्य धंदा; ब्लाउज आणि फॉल-पिको बायको बघते. मुलींची मापं तीच घेते, ती सांगते ते मी वहीत लिहितो. गणवेश शिवताना आम्ही खाली चार बोटं कापड दुमडून ठेवतो, म्हणजे पुढच्या जूनला उसवून लांबी वाढवता येते आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात. दुमडीतल्या कापडाला ऊन लागलेलं नसतं, त्यामुळे उसवल्यावर तेवढी पट्टी गडद दिसते. आमच्याकडे सातवी-आठवीतल्या बहुतेक मुलींच्या कुर्त्याला खाली ती गडद पट्टी असते. आमच्या थोरलीच्या कुर्त्याला ती कधी आलीच नाही. सहावीला शिवलेला कुर्ता आठवीतही तसाच्या तसा बसत होता.

मग मी मापांच्या जुन्या वह्या काढल्या. दोन वर्षांत लांबी जेमतेम दीड इंच वाढली होती. त्याच वयाच्या तिच्या मैत्रिणी चार-चार, पाच-पाच इंच वाढलेल्या. आणखी एक गोष्ट दिसली: लांबी कमी, पण गळ्याचं आणि तिऱ्याचं (खांद्यांच्या रुंदीचं) माप त्या मानाने मोठं. अशा मापाची दुसरी मुलगी माझ्या वहीत नव्हती. गंमत म्हणजे तिच्या प्रगतिपत्रकावर उंचीच्या रकान्यात दर वर्षी पाच-पाच सेंटिमीटर व्यवस्थित वाढलेले. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मुलांनाच विचारतो, ती सांगतात तो आकडा टाकतो." शाळेचं नाव लिहीत नाही. सगळीकडे असंच चालतं, असं माझ्याकडे येणारे शिक्षकच सांगतात.

घरात विषय काढला तेव्हा तिला तेरा पूर्ण झाली होती. छातीची वाढ अजिबात सुरू झालेली नव्हती. हे मी लिहितोय ते बायकोने सांगितलं म्हणून, आणि मुलीने लिहू दिलं म्हणून. आमच्या आईचं म्हणणं, "बरंच आहे की. पाळी आली की उंची थांबते, वाढू दे पोरीला." पाळी आल्यावर मुलगी फार तर दोन-तीन इंच वाढते, त्यामुळे आई अगदीच चूक नव्हती. फक्त आमची मुलगी वाढतच नव्हती. मग तीळ-गूळ झाला, पपई झाली, हळिवाचे लाडू झाले, मांढरदेवीला बोलून झालं. बायकोच्या माहेरी सगळ्या ठेंगण्या, तिकडे बोट दाखवून झालं.

मुलगी काही बोलत नव्हती. तिचं काय चाललंय ते आम्हाला भलतीकडूनच कळलं. गौरी-गणपतीत शेजारच्या वहिनी बायकोला म्हणाल्या, "लेक शहाणी झाली आणि पेढे नाहीत होय?" बायकोला कळेना. वहिनींच्या घरी आरतीला सगळ्या पोरी जमल्या होत्या, आणि आमची दाराशी उभी राहून म्हणाली होती, "मला आज चालत नाही." तिथेच बाहेर पायरीवर बसली, प्रसादही घेतला नाही. वर्गातल्या सगळ्यांना आली, आपल्याला नाही, हे झाकायला पोरगी खोटी पाळी पाळत होती. पुढे दिवाळीच्या कामात अस्तराचा गठ्ठा ओढला तर त्याच्या मागे शाळेत वाटलेल्या पॅडची पाकिटं सापडली, एकही न फोडलेलं. पाळी आली की बाहेर बसवू नका, असं आपण लिहितो-बोलतो, बरोबरच आहे. पण बाहेर बसायला मिळत नाही म्हणून रडणारीही एखादी असते, हे मला तेव्हा कळलं.

आता डॉक्टरांचं. पहिले आमचे नेहमीचे. त्यांनी मुलीकडे पाहिलं, हात लावला नाही, उंची मोजली नाही. "सोळापर्यंत वाट बघा, घाई कसली?" दुसऱ्या ठिकाणी पाळी 'आणायच्या' गोळ्या मिळाल्या. गोळ्या संपल्यावर आठवड्यात येईल म्हणाले. आली नाही. परत गेलो तर त्याच गोळ्या पुन्हा. त्या गोळ्यांनी पाळी यायची तर शरीरात आधी दुसरं एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन, असावं लागतं, नाहीतर गर्भाशयाचं अस्तरच तयार झालेलं नसतं, मग येणार काय? हे नंतर समजलं. तपासणी न करता ती चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत नसेल असं नाही. बाहेर रांग मोठी होती, एवढं मी बघितलं.

तिसऱ्या डॉक्टरीण बाई सरकारी दवाखान्यातल्या. त्यांनी मला बाहेर काढलं, मुलीशी एकटीशी बोलल्या, मग आईला घेतलं, मग मला. लघवी तपासली ती गरोदरपणासाठी, हे कळल्यावर बायको चिडली. बाई म्हणाल्या, "पाळी नाही म्हटलं की आम्ही हे प्रत्येकीचं बघतो. तुमच्या मुलीवर संशय म्हणून नाही." मी बिचकत बिचकत मापांचा विषय काढला तर म्हणाल्या, "वही कुठाय? घेऊन या." त्यांनी ती वही उघडून एका कागदावर ठिपके काढले आणि रेघ ओढली. छापील रेघा वर चालल्या होत्या, आमची आडवी. आजवर माझ्या वहीचं कुणी एवढं कौतुक केलेलं नाही.

त्यांनी विचारलेले प्रश्न इथे देतो, कारण आधी कुणी विचारले नव्हते. जन्मली तेव्हा हातापायांवर सूज होती का? होती, पावलं फुगल्यासारखी होती, जाईल म्हणाले आणि गेलीही. लहानपणी कान वारंवार फुटायचा का? फुटायचा. आईला पाळी कोणत्या वर्षी आली? दर महिन्याला पोटात दुखतं का? नाकाला वास नीट कळतो का? खेळ कोणता, किती वेळ पळते, जेवते किती? मग डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे. त्यावरून हाडांचं वय कळतं. आमच्या चौदा वर्षांच्या मुलीचं हाडांचं वय अकराच्या आसपास निघालं. सोनोग्राफी पोटावरूनच, भरपूर पाणी प्यायला लावून. पुष्कळ आया मुलीला 'आतून' तपासतील या भीतीने जातच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो. थायरॉईड आणि बाकी संप्रेरकांसाठी रक्त घेतलं. शेवटी पुण्याला पाठवून गुणसूत्रांची तपासणी झाली, तिचा निकाल यायला दोन-तीन आठवडे लागतात. ते आठवडे दुकानात मी काय शिवलं मला आठवत नाही, पण दोन पँटी परत आल्या.

टर्नर सिंड्रोम. १९३८ साली टर्नर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने त्याचं वर्णन केलं म्हणून ते नाव. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, मुलींमध्ये त्यांतली दोन एक्स. आमच्या मुलीत एकच आहे. दोन-अडीच हजार मुलींमागे एकीचं असं असतं. बीजकोश (अंडाशय) जवळजवळ काम करत नाहीत, म्हणून छाती नाही आणि पाळी नाही, उंची खुंटते. हृदय आणि मूत्रपिंड तपासावे लागतात, कारण त्यांत दोष असू शकतो. आमचं हृदय ठीक निघालं, मूत्रपिंडही. बुद्धीला सहसा काही होत नाही. दहावीला तिला माझ्या दुप्पट गुण मिळाले (मी दोनदा बसलो होतो ते सोडून द्या).

घरी पहिला प्रश्न काय आला असेल, सांगायला नको. "गरोदरपणी हिने काय खाल्लं होतं? ग्रहण पाळलं नव्हतं का?" मी पुण्याच्या डॉक्टरांना तेच विचारलं होतं. ते म्हणाले, यात कुणाचं खाणं-पिणं, वय, पाप-पुण्य काही नसतं, ते आपोआप घडतं. आणि ज्या मुलींमध्ये एकच एक्स असतो त्यांच्यात बहुतेक वेळा उरलेला एक्स आईचा असतो. गळलेला असतो तो बापाकडून यायचा. हे मी आईला आणि बहिणीला बसवून सांगितलं. "गळलं असलंच तर माझ्याकडचं." तो विषय आमच्या घरात त्या दिवसापासून बंद आहे.

सगळ्यांच्या मुलींना असंच असेल असं कुणी समजू नये. उशीर झालेल्या बहुतेक मुली नुसत्या उशिराच्याच असतात. आमच्याच एका गिऱ्हाइकाची मुलगी लांब पल्ल्याचं पळते, अंगावर मूठभर मांस नाही. आईलाही पंधरा सरल्यावरच आली होती. तिला डॉक्टरांनी तपासलं, खाणं वाढवायला सांगितलं, बाकी काही दिलं नाही, आणि तिची तिला आली. तिचं अंग वाढत होतं, उंची वाढत होती, घाई करायचं कारण नव्हतं. दुसरं टोकही आहे. दर महिन्याला पोटात कळ येते, जंताचं औषध होतं, अपेंडिक्सचा संशय होतो, आणि असतं एवढंच की योनीच्या तोंडाशी असलेला पडदा बंद असल्याने रक्त आत साठतंय. लहानशा शस्त्रक्रियेत सुटणारी गोष्ट. काहींचं गर्भाशयच तयार झालेलं नसतं, बाकी वाढ अगदी इतरांसारखी. साडेचार-पाच हजारांत एक. अशी एक मुलगी लग्नानंतर वर्षभरात माहेरी आणून सोडलेली मला माहीत आहे. 'फसवलं' म्हणून. तिच्या आईला पंधराव्या वर्षापासून ठाऊक होतं की पाळी नाही. का नाही, ते कुणी बघितलंच नव्हतं. लग्नाचा शालू, ब्लाउज सगळं आमच्याच दुकानातलं.

कधी थांबायचं आणि कधी उठायचं, याचे आकडे ठरलेले आहेत. तेरा पूर्ण झाली आणि छातीची वाढ सुरूही नाही, तर दाखवा. वाढ आहे पण पंधरापर्यंत पाळी नाही, दाखवा. छातीची वाढ सुरू होऊन तीन वर्षं झाली तरी नाही, मग वय काही असो, दाखवा. महिन्याच्या महिन्याला पोट दुखतंय किंवा उंची अडलीय, तर पंधराची वाटही बघू नका. आमच्या पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेलं सोळा हे जुनं झालं. आता पंधराच धरतात. माझी सगळी तक्रार ही आहे की हे आकडे मला तालुक्याच्या गावात कुठेही लिहिलेले दिसले नाहीत. लसीकरणाचं वेळापत्रक दवाखान्याच्या भिंतीवर असतं. दहावीच्या परीक्षेचं वेळापत्रक पेपरात दोनदा येतं.

आणि यंत्रणा नाही म्हणावं, तर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना वर्षातून एकदा शाळेत येऊन तपासायचं, पथकात एक डॉक्टर बाई असायची, अशी त्याची आखणी. किशोरवयीन मुलींना काय विचारायचं त्या यादीत 'पाळीला उशीर' हा मुद्दा स्पष्ट आहे. गाडी आमच्या गावातही येते, मी बघतो, दुकानावरूनच जाते. पण मुलींना वर्गात रांगेत उभं करून, मागे मुलं खिदळत असताना "काही त्रास आहे का?" विचारल्यावर कोणती मुलगी "पाळी आलेली नाही" सांगेल? जी खोटं बोलून पायरीवर बसते, ती तिथे खरं बोलणार आहे? वेगळी खोली हवी, दार लावलेलं. आणि उंची खरोखर मोजायला हवी, भिंतीला पाठ लावून, चप्पल काढून. वयात यायच्या आधी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. चारच्या खाली गेलं की विचारायचं. त्याला डॉक्टरही लागत नाही, फूटपट्टी आणि मागच्या वर्षीचा खरा आकडा लागतो. आमच्या मुलीला हे सहावीत कळलं असतं तर उंचीची इंजेक्शनं दोन-तीन वर्षं आधी सुरू झाली असती. हाडांची टोकं एकदा जुळली की त्या इंजेक्शनचा उपयोग नसतो.

ती इंजेक्शनं रोज रात्री, कातडीखाली. मुलगी स्वतःच घेते. फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, त्यामुळे लाईट गेली की आधी फ्रिजचं दार कुणी उघडत नाही ना हे बघायचं, मग मेणबत्ती. खर्च विचारू नका, पतसंस्थेचा हप्ता चालू आहे. सुरुवात झाल्यापासून तीन इंच वाढली आहे. दुसरं औषध म्हणजे बीजकोशातून मिळायला हवं ते संप्रेरक देणारी गोळी; अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवत नेतात, एकदम दिलं तर उंचीचं नुकसान. दोनेक वर्षांनी आणखी एक गोळी आली आणि तिच्याबरोबर पाळी. पेढे मागणाऱ्या वहिनींना आम्ही पेढे दिले.

आता नातेवाइकांचं म्हणणं, "आली ना एकदाची? मग बंद करा गोळ्या, गरम पडतात." गोळी पाळीसाठी आहे असाच सगळ्यांचा समज. ती हाडांसाठी आहे, हृदयासाठी आहे. नाही घेतली तर तिशीतच म्हातारीसारखी हाडं ठिसूळ होऊ शकतात. इतर बायकांची पाळी जायच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपास, ती घ्यायची आहे. लग्नाचंही विचारतात. मुलगी अकरावीत आहे, अठराची झालेली नाही. स्वतःचं मूल होणं अवघड आहे, हे तिला माहीत आहे, डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं. पुढे कुणाला काय आणि कधी सांगायचं, ते ती ठरवेल. मी हे पत्र तिला दाखवलं. तिने दोन वाक्यं खोडली, 'गुणसूत्र'चं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, आणि नाव छापायचं नाही अशी अट घातली. गावातल्या ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, त्याला तिची हरकत नाही. आपली चौकशी करणाऱ्या निम्म्या बायकांना आपण आकडे तोंडपाठ करून घेतले आहेत, असं ती म्हणते.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. आरोग्य खात्याकडे पाठपुरावा करा आणि शाळा तपासणीत हा प्रश्न मुलींना बंद खोलीत विचारला जातो का, आपल्या तालुक्यांच्या बातमीदारांना बघायला सांगा. आणि वर लिहिलेले आकडे एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घेऊन चौकटीत छापा. फक्त ती चौकट शनिवारच्या महिलांच्या पानावर टाकू नका. दुकानात पेपर येतो तेव्हा ते पान बायको घेऊन आत जाते. बाप्ये क्रीडा आणि बाजारभाव वाचतात. बाजारभावाच्या शेजारी जागा असेल तर बघा.

आपला,
एक टेलर, जि. सातारा
(नाव व पत्ता कळवला आहे, छापू नये ही विनंती.)